खालची पट्टी

वहिनी घरी बसून शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायच्या. सव्वीस वर्षं हेच काम. पडद्यावर डावीकडे लेखकाची मूळ प्रत, उजवीकडे छापखान्यातून आलेलं पान. आळीपाळीने दोन्हीकडे बघायचं आणि चुका वेचायच्या. संगणकावर लिनक्स हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर होतं. ते धाकट्या दिरानं घालून दिलेलं. तो एका महाविद्यालयातल्या संगणकांची देखभाल करायचा, आणि त्याच्या तोंडचं ‘वहिनी’ आता सगळ्यांच्याच तोंडी बसलं होतं.

एका सोमवारी अपडेट झालं आणि पडद्याची खालची पट्टी नाहीशी झाली. उघड्या फायलींची नावं जिथे ओळीनं दिसायची, तिथे नुसता निळा रंग. खिडकी खाली सारायचं बटणही गायब. शोधाशोध करताना माऊस वरच्या डाव्या कोपऱ्याला लागला, तर सगळ्या खिडक्या आकसून वाळत घातलेल्या रुमालांसारख्या पसरल्या. वहिनींनी चटका बसावा तसा हात मागे घेतला.

त्यांनी दिराला फोन लावला. तो म्हणाला, महाविद्यालयात हे वर्षभरापूर्वीच आलं, आता सगळीकडे असंच येणार, आणि त्याला स्वतःला ते आवडलंय. आठ दिवस कळ काढा, सवय होईल. वहिनींनी सांगितलं की आठ दिवसांत सातवीचं विज्ञान छपाईला जायचंय. मग त्यानं लिनक्स वापरणाऱ्यांच्या एका चर्चामंचाचा पत्ता दिला.

वहिनींनी तिथे एकच ओळ लिहिली: ‘खालची पट्टी कुठे गेली?’

दुसऱ्या दिवशी सकाळी एकसष्ट उत्तरं. एकाला नवं रूप म्हणजे शुद्ध अत्याचार वाटत होता. दुसऱ्याचं म्हणणं, जुनंच हवं असणाऱ्यांनी खुशाल दगडी पाटीवर लिहावं. एकानं पट्टी परत आणायला संगणकात टाइप करायच्या चार आज्ञा दिल्या. त्याच्याखाली दुसऱ्यानं बजावलं की यातली तिसरी चुकूनही वापरू नका. दोघं तर पट्टी विसरून मागच्या कुठल्याशा भांडणाची उणीदुणी काढत होते. वहिनींनी कागदावर रेघा मारून बाजूनं किती, विरुद्ध किती, ते मोजायला घेतलं. तिसरा रकाना त्यांना ‘कळलं नाही’ असा करावा लागला, आणि तोच सगळ्यात भरला. गंमत म्हणजे, वाचताना त्यांना दोन्ही बाजूंचं पटत होतं.

बुधवारी आणखी एक उत्तर आलं.

‘ती पट्टी काढणाऱ्यांपैकी मी एक. लहान पडद्यावर ती फार जागा खायची. आम्ही बारा जणांना समोर बसवून पाहिलं. नऊ जणांनी तिला हातही लावला नाही. पण तुमच्यासारखं काम करणारं त्या खोलीत कुणी नव्हतं. तुम्ही दिवसभर नेमकं काय करता, ते सांगाल का?’

वहिनींनी ते दोनदा वाचलं. या माणसावर चिडायचं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. पण तुम्ही दिवसभर काय करता, हे सव्वीस वर्षांत छापखान्यानं विचारलं नव्हतं, घरात कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी लांबलचक उत्तर लिहिलं. मूळ प्रत, पान, जोडाक्षरं, आकृत्यांखालच्या ओळी, सगळं. फक्त यात पट्टी नेमकी कुठे लागते, तिथे येऊन त्या अडल्या. दोन फायली तर समोरासमोर उघड्याच असायच्या. मग त्या पट्टीकडे बघायच्या तरी कधी? आठवेना. पट्टीविषयी काहीच न लिहिता त्यांनी उत्तर पाठवून दिलं.

विज्ञान कसंबसं वेळेत गेलं. त्यानंतरच्या रविवारी दीर आला आणि त्यानं त्याच संगणकावर जुन्यासारखं दिसणारं दुसरं रूप घालून दिलं. खाली पट्टी, पट्टीवर नावं. वहिनींनी समाधानानं भूगोल उघडला.

पण सोमवारी त्यांचा हात सारखा वरच्या डाव्या कोपऱ्याकडे जायला लागला. तिथे आता काहीच होत नव्हतं. खिडक्या पसरत नव्हत्या, आणि पट्टीकडे लक्ष जात नव्हतं. त्यांनी दिराला फोन केला.

“भाऊजी, आता मला दोन्हीकडे चुकल्यासारखं होतंय.”

“मग कुठलं ठेवू?”

“तेच तर कळत नाहीये.”

तो हसला नाही. म्हणाला, त्याचंही पहिले काही महिने असंच झालं होतं. आवडतं म्हणून सांगत होता, पण खरं तर आवडायला लागलं की अंगवळणी पडलं, हे त्याला अजून सांगता आलं नसतं. शेवटी दोन्ही राहू द्यायचं ठरलं. संगणक सुरू करताना रोज सकाळी एक निवडायचं.

वहिनी कधी हे निवडतात, कधी ते. परवा नवं निवडलं होतं की जुनं, याचा पत्ताच न लागता त्यांनी इतिहासाची चार प्रकरणं संपवली. लक्षात आल्यावर त्या थबकल्या. यात आनंद मानायचा की काही हातचं गेलं म्हणायचं, हे त्यांना ठरवता येईना. मंचावर अजून उत्तरं येत होती. आता दोनशेच्या वर गेली होती. पट्टी काढणाऱ्या माणसानंही विचारलं होतं: मग आता कुठलं बरं वाटतं?

वहिनींनी लिहिलं, ‘अजून बघतेय,’ आणि पाचवं प्रकरण उघडलं.