आर्डिथबाईंची जड बंदूक

मी एक जुनी बंदूक आहे. छर्‍यांची, हाताने मागेपुढे ओढून चालवायची, अगदी साधी. अमेरिकेत, नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतांमधल्या एका घरात, निजायच्या खोलीतल्या पोलादी कपाटात मी उभी असते. कपाटाला कुलूप आहे, आणि मित्रांनो, ते असायलाच हवे. माझ्यापाशी कुणी सहज येऊ नये म्हणूनच ते लावलेले आहे. पण आपल्यापाशी सहज कुणीच येत नाही, म्हणजे कसे वाटते, ते मला विचारा.

मी कारखान्यातून निघाले तेव्हा माझी नळी काळीभोर होती आणि दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, तेल पाजलेला. डेल्मार केसलर यांनी मला फेझंट पक्ष्यांच्या शिकारीसाठी घरी आणले. त्यांच्या पत्नी आर्डिथबाईंनी मला हौसेने खांद्याला लावून पाहिले, तर त्यांचे बोट माझ्या चापापर्यंत पोचेना.

"डेल्मार, ही तुझ्यासारखीच आहे," त्या म्हणाल्या. "नुसती लांब!"

दुसर्‍या दिवशी डेल्मारनी करवत घेतली, माझा दस्ता आखूड केला आणि टोकाला रबराची गादी बसवली. आता मी आर्डिथबाईंच्या खांद्यात अशी बसले की त्यांना माझे वजन जाणवेना. स्वतः डेल्मार मात्र त्या आखूड दस्त्यापायी पुढची सगळी वर्षे अंग चोरून नेम धरत राहिले. त्याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही.

ते माझे सुखाचे दिवस होते. मका कापून झाला की आम्ही तिघे शेताच्या कडेने चालायचो. आर्डिथबाईंचा नेम लागला की डेल्मार गावातल्या कॉफीच्या टेबलावर छाती फुगवून सांगायचे, "आमच्या बाईच्या नादाला लागू नका रे बाबांनो." घरी आले की ते मला पुसायचे, मी रिकामी आहे ना हे दोनदा बघायचे आणि मगच कपाटात ठेवायचे.

मग डेल्मार गेले. शेत दुसर्‍याला कसायला दिले गेले. माझ्या नळीवर धूळ बसली. बाहेर वारा असायचा आणि आत घड्याळ, दुसरा आवाज नसायचा.

एके दिवशी पलीकडच्या शेतावरच्या शेडचे कुलूप कुणीतरी फोडले. ते कळताच आर्डिथबाईंचा मुलगा रॉयस ओमाहा शहरातून गाडी हाकत आला. तो येताच बाईंनी राजमा-खिम्याची चिली शिजवली, दालचिनीचे गोड रोल भाजले. त्याने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवे ठेवले आणि वडिलांसारखेच दोनदा बघून घेतले.

"आई, एकटी राहतेस आणि तुझ्यापाशी काय, तर पक्षी मारायची बंदूक! हिला जरा घर राखण्याजोगी करू या."

त्याने माझ्या नळीखाली जादा काडतुसे मावतील अशी लांब नळी बसवली. रॉयस तसा अबोल माणूस. वडील गेले तेव्हाही तो कुणापाशी रडला नाही, नुसता ट्रॅक्टर खोलून बसला होता. पण हातात पाना आला की त्याला तोंड फुटायचे. नळी आवळता आवळता तो ओमाहातल्या नोकरीबद्दल, वरिष्ठांच्या खोड्यांबद्दल, खालच्या मजल्यावरच्या खोकणार्‍या म्हातार्‍याबद्दल बोलत राहिला. आर्डिथबाई हनुवटीला हात लावून ऐकत होत्या. तो निघाला तेव्हा त्यांनी हळूच विचारले, "आणखी काही लावता येतं का रे हिला?"

रॉयसचा चेहरा खुलला. "येतं की! मागवतो ना. आलं की येतोच घेऊन."

असा मला साज चढत गेला. माझ्या कुशीवर काडतुसांची पट्टी आली. खांद्यावरचा पट्टा आला. नेम धरायला लाल ठिपक्याची काच आली. काडतुसांची पट्टी आवळताना रॉयसने मान खाली घालून सांगितले की त्याची बायको वेगळी राहायला गेली आहे. बाईंनी दुसरा रोल त्याच्या बशीत ठेवला. नंतर माझा लाकडी दस्ताच निघाला आणि त्या जागी लांबी कमीजास्त करता येणारा काळा प्लास्टिकचा दस्ता बसला. माझे लाकूड कपाटाच्या तळाशी पडून राहिले.

शेजारच्या लव्होनबाई एकदा मला बघून हसत सुटल्या. "अगं आर्डिथ, ही बंदूक आहे का नाताळचं झाड? चोर आला तर त्याला बसवून कॉफी पाजणार आहेस वाटतं!"

"बसला थोडा वेळ तर बरंच आहे," आर्डिथबाई म्हणाल्या. लव्होनबाईंचे हसू थांबले.

मित्रांनो, खरी गोष्ट मला एकटीलाच ठाऊक होती. रॉयस गेला की बाई मला कपाटातून काढायच्या, पुसायच्या आणि खांद्याला लावून बघायच्या. माझे बहुतेक ओझे पुढच्या टोकाला गेले होते, त्यामुळे माझी नळी आपोआप खाली झुकायची. मग त्या मला पलंगावर ठेवून शेजारी बसायच्या. "राहू दे गं," म्हणायच्या, "तो येतोय ना." मला लाज वाटायची. ज्यांच्यासाठी मला कापून बेतले होते, त्यांनाच मी उचलेनाशी झाले होते.

मग वसंतात रॉयसने माझ्या टोकाला दिवा बसवला, मागे सरून मला पाहिले आणि हात झटकले.

"झालं, आई. आता हिला लावायला काही उरलंच नाही."

आर्डिथबाईंच्या हातातली बशी तशीच राहिली. "काहीच नाही?"

"काहीच नाही. घे, उचलून दाखव एकदा."

आजवर त्याने हे कधी म्हटले नव्हते. बाईंनी कपड्याला हात पुसले आणि मला उचलले. मी जीव खाऊन हलकी व्हायला बघितले, पण लोखंडाला ते कुठे जमते? माझी नळी थरथरत भिंतीवरून खाली आली आणि जमिनीकडे बघत राहिली. रॉयसने झटकन मला धरले.

"आई! हे कधीपासून?"

"त्या काडतुसांच्या पट्टीपासून."

"मग बोलली का नाहीस? अगं, ही तुला उचलवतच नाही तर काय उपयोग हिचा? मी इतका आटापिटा कशासाठी करत होतो?"

"बोलले असते, तर पुढच्या वेळी काय लावायला आला असतास?"

रॉयस मला घेऊन खुर्चीत बसला, पाना घेतला आणि भराभरा दिव्याचा स्क्रू सैल करू लागला. दिवा निघाला. त्याने काचेला हात घातला, तेव्हा आर्डिथबाईंनी त्याचे मनगट धरले.

"सगळं आजच नको काढूस रे."

त्याने आईकडे पाहिले. मग पाना टेबलावर ठेवला. "बरं. आज दिवा काढला, आणि बाबांचा दस्ता परत लावतो. बाकीचं नंतर."

तो येत राहिला. कधी काच निघाली, कधी कुशीवरची पट्टी, कधी खालची लांब नळी. माझे आखूड लाकूड पुन्हा बाईंच्या खांद्यात बसले आणि नळी सरळ राहू लागली. पण हलकी होत असताना मला धास्ती वाटे. शेवटी माझ्या अंगावर नुसता खांद्याचा पट्टा उरला. तो निघाला की मग?

गेल्या खेपेला गाडीचा आवाज आला. दार वाजले. मी कपाटात वाट बघत राहिले. किल्ली येईल, उजेड येईल, पट्टा निघेल आणि सगळे संपेल. चिलीचा वास आला. भांडी वाजली. रॉयस बोलत होता, हातात पाना नसताना बोलत होता. मग वडिलांच्या कसल्याशा आठवणीवर दोघे इतके हसले की भिंतीतून मला ऐकू आले.

किल्ली आलीच नाही. गाडी निघून गेली आणि पट्टा माझ्या अंगावर तसाच राहिला.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूला तुम्ही हात लावू नका. मी कुलपात असते तेच बरे. पण तुमच्या घरी कुणी एकटे माणूस असेल, तर काही दुरुस्त करायचे निघेल याची वाट बघू नका. नुसतेच जा, आणि जेवायला बसा. मी अंधारात उभी आहे. त्या दिवशी मला कुणी बाहेर काढले नाही, आणि जन्मात पहिल्यांदाच मला त्याचा आनंद झाला.