डोहातले पाणकिडे

रंगुबाईने पदराखालचा तांब्या डोहात हळूच उपडा केला. आठ-दहा पाणकिडे पाण्यात पडले आणि लगबगीने तळाशी गेले.

"ऱ्हावा रं बाबांनो, उडू नगासा," ती पुटपुटली.

डोह कसला, ओढ्यातलं डबकंच उरलं होतं. आटपाडीकडच्या त्या माळावर पाणी आटत आलं की तिचा सासरा तात्याबा काठावर उकिडवा बसून किडे बघायचा. शेपटाकडून वर येऊन, पंखांखाली हवेचा बुडबुडा धरून किडा पुन्हा बुडी मारतोय, तोवर बिऱ्हाड हलवायचं नाही. किडे दुसऱ्या पाण्याकडे उडून गेले की मेंढरं कृष्णाकाठाला हाकायची. बापापासूनची रीत! तात्याबा ती मोडणाऱ्यातला नव्हता.

आणि काल सांजेला किडे गेले होते.

हे रंगुबाईने तात्याबाच्या आधी बघितलं. तिचा नवरा सिद्धू ज्या लढाईवर गेला होता, ती संपली होती. पलटणीतून परतलेला एक गडी सांगून गेला होता, सिद्धू सुटलाय, थेट डोहावर येतो म्हणालाय. बिऱ्हाड घोड्यावर घालून फिरणाऱ्यांचा तेवढाच पत्ता. आपण हललो तर नवऱ्याने शोधायचं कुठं? इतकी वर्षं वाट बघितली, आणि आता किड्यांपायी चुकामूक? म्हणून ती उजाडायच्या आत देवळामागच्या तळ्यापर्यंत तंगडतोड करून तिथले किडे घेऊन आली होती.

तात्याबा आला, काठावर बसला. एक किडा वर आला. त्याच्या पाठीला पिवळी कड होती. डोहातले तर सगळे काळेकुळकुळीत असायचे! रंगुबाईच्या हे आत्ता ध्यानात आलं. आली का पंचाईत!

"हायत का वं, मामा?" तिने खाली बघत विचारलं.

तात्याबाने वाकून ती पिवळी कड निरखली.

"हायत की."

"मग ऱ्हायाचं?"

"किडं हायत तवर हलायचं कसं?"

गुडघ्यावर हात देऊन तो उठला. तिच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे त्याने एकदा पाहिलं आणि काठी उचलली.

"मेंढरं तळ्यावर पाजून आणतो. लय लांब हाय, पर जातील."

दोन पावलं टाकून तो थांबला आणि मागे न बघताच हात पुढे केला.

"हे बी उडून जातील सांजच्याला. तांब्या दे हिकडं, येताना मीच घिऊन येतो."