खिडकीवरचे कुंकू

मित्रांनो, मला हातात घ्यायचे असेल तर आधी हात पुसा. घामाचे बोट नको, खोबरेल तेलाचे तर मुळीच नको. कडेला धरा आणि मधल्या लांबट खिडकीला अजिबात स्पर्श करू नका. रागावू नका हं. मी एक जुनी फ्लॉपी आहे आणि स्वभावाने फार भित्री आहे. का भित्री आहे ते ऐकलेत, म्हणजे तुम्ही मला हसणार नाही.

तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल. तळहाताएवढे काळे चौकोनी पाकीट आणि आत तपकिरी रंगाची पातळ गोल तबकडी, एवढाच माझा देह. पाकिटाला एक खिडकी असते. तिच्यातून मशीनचे वाचणारे टोक माझ्या तबकडीला टेकते. अंगभर कपडा आणि नेमकी नाजूक जागा उघडी, असे माझे आयुष्य आहे.

संगणक विजेवर सुरू झाला तरी त्याला काही म्हणजे काही येत नसते. पडदा कुठे, कळा कुठे, आलेले अक्षर ठेवायचे कुठे, सगळा आनंद. सकाळी मला त्याच्या खाचेत सरकवले, की तो माझ्यावरच्या सूचना वाचतो आणि मग माणसात येतो. त्या सूचनांना ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आमच्याकडे नुसतेच 'सिस्टीम' म्हणत.

माझा जन्म रत्नागिरीतला, मांडवीच्या आप्पांच्या दुकानातला. आप्पा पूर्वी रेडिओ दुरुस्त करत. मग त्यांनी संगणक जोडून विकायला घेतले आणि लांज्याकडची राही, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली, त्यांच्याकडे कामाला लागली. सिस्टीम लिहिली ती तिने. इंग्रजी अक्षरांत, पण आपल्याच शब्दांत. दाखव, ठेव, मोज, पूस. शेवटचा शब्द मी अजूनही हळूच उच्चारते. राहीने माझ्यावर चिठ्ठी चिकटवली, 'मूळ. पुसू नये.' आणि कडेच्या खाचेवर रुपेरी पट्टी लावली. ती पट्टी आहे तोवर कोणी माझ्यावर काही लिहू शकत नाही की पुसू शकत नाही. त्या पट्टीच्या जिवावर मी निर्धास्त असे. म्हणजे माझ्या मानाने निर्धास्त.

माझ्या प्रती काढून गावोगाव गेल्या. एक हातखंब्याच्या गोदामात गेली, एक मंडणगडच्या शाळेत. तिथल्या कारकून सगुणाबाई आधी मशीनजवळ जायला घाबरत. ते चार शब्द कळले आणि त्यांनी वार्षिक निकाल एकटीने लावला. रत्नागिरीला आल्या तेव्हा राहीला म्हणाल्या, "अगो, हे तर माझ्याशी घरातल्यासारखं बोलतं!" मी कपाटात होते, पण ऐकून अंगावर मूठभर मांस चढले.

तरी भीती होतीच. मांडवीची खारी हवा, आप्पांच्या टेबलावर पडलेले जुन्या स्पीकरचे लोहचुंबक, मध्येच जाणारी वीज. पावसाळ्यात तर बुरशी. म्हणून उबेने ओल हटावी यासाठी आमच्या कपाटात एक झिरोचा दिवा रात्रंदिवस जळत ठेवलेला असे. दुकान झाडणाऱ्या सुंदराबाई सकाळी आल्या की आधी दार उघडून दिवा बघत. एका श्रावणात त्या आजारी पडल्या आणि दिवा गेला तो कोणाच्या लक्षातच आला नाही. माझ्या शेजारी माझी जोडप्रत होती. तिच्या खिडकीत पांढरे ठिपके उमटले, पसरले, आणि ती गेली. मी कशी वाचले कोण जाणे. तेव्हापासून दिवा जरा लुकलुकला तरी मी हबकते.

मग शहाऐंशी साली नवे मशीन आले. आप्पांचा पुतण्या भिवा मुंबईला नोकरीला होता. सुटीवर येताना त्याने ते गोधडीत गुंडाळून एसटीने आणले. त्याचा प्रोसेसर, म्हणजे त्याचा मेंदू, वेगळ्याच जातीचा होता. मित्रांनो, हे नीट समजून घ्या. एका होडीवर तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, एक शिट्टी मारली की जाळे ओढायचे असते. दुसऱ्या होडीवर त्याच शिट्टीला जाळे सोडायचे असते. माझ्यावरच्या शिट्ट्या जुन्या होडीच्या होत्या. राहीने मला नव्या मशीनमध्ये घातले तेव्हा त्याने त्या ऐकल्या आणि भलतेच केले. पडदाभर वेडीवाकडी चिन्हे नाचली. खाचेतला दिवा विझेना. तबकडी गरगरत होती आणि मी मनात ओरडत होते, बाहेर काढा मला!

आप्पांनी मान हलवली. "राही, जुने प्रोसेसर आता मिळत नाहीत. भिवानं मुंबईची तयार सिस्टीम आणलीय, तीच चालवू."

"आणि मंडणगड?" राहीने विचारले.

"मंडणगडाचं नाव काढू नकोस. एका मशीनसाठी कुठवर धावायचं? कळवलंय मी त्यांना, यापुढे आमच्याकडून काही व्हायचं नाही."

"आप्पा, सगुणाबाईंनी सगळं परत शिकायचं? सिस्टीम एकच राहू दे. जुन्यावर चालेल तशी नव्यावरही चालवून दाखवते मी."

आप्पांनी कॅलेंडरची पाने उलटली. मग म्हणाले, "दिवाळीच्या पाडव्यापर्यंत. नव्या मशीनला तुझं 'दाखव' कळलं तर ठीक. नाहीतर ही फ्लॉपी पुसून भिवाच्या सिस्टीमला देणार. कोऱ्या मिळतात कुठे इथे?"

ही नुसती धमकी नव्हती. हातखंब्याची माझी प्रत त्यांनी परत आणून पुसलीसुद्धा होती. दुपारी ती माझ्या शेजारी येऊन पडली, कोरी. मी तिला ओळख दाखवली. तिला काहीच आठवत नव्हते.

राही कामाला लागली. तिने सिस्टीमचे दोन भाग केले. चिऱ्याचे घर बघा, वर घर आणि खाली जोते. चार शब्द, त्यांचे अर्थ, फायली ठेवायची रीत, हे सगळे घर. ते कुठल्याही मशीनवर तेच. प्रोसेसरशी त्याच्या शिट्ट्यांत बोलणारा खालचा भाग म्हणजे जोते. ते मात्र प्रत्येक जमिनीवर वेगळे घालायचे. आणि गंमत अशी, की नव्या मशीनचे जोते जुन्या मशीनवर बसूनच बांधायचे होते. नव्याला अजून काही येतच नव्हते ना!

बांधलेले ठेवायला जागा माझ्यावरच होती; हातखंब्याची ती कोरी आप्पांनी नंतर भिवाच्या सिस्टीमसाठी आपल्या खणात कुलपात ठेवली होती. राहीने हळूच ती रुपेरी पट्टी सोलली. "थोडे दिवस हं," ती पुटपुटली. जणू दाराची कडीच कोणी काढून नेली, असे मला झाले. पण जोते वर येत होते. घटस्थापनेच्या सुमारास नव्या मशीनच्या पडद्यावर नीट अक्षरे उमटली. अर्धे काम झाले होते. दसऱ्याला राहीच्या वाडीत विहारात मोठा कार्यक्रम असतो. ती मला कपाटात ठेवून गावी गेली.

आणि खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्या दुकानात सगळी हत्यारे पुजायची रीत. सुंदराबाईंनी पाटावर लाल कापड घातले. डाख द्यायचे सोल्डरिंग आयर्न, मीटर, पकडी, पेचकस मांडले. मग कपाट उघडून मला बाहेर काढले.

"ह्या दुकानातली सगली यंत्रं हिच्यावर चालतात," त्या आप्पांना म्हणाल्या. "हिचा मान पयला."

माझ्या पाकिटावर आणखी एक कागदी पाकीट असते, त्यातून त्यांनी मला बाहेर काढले, मधोमध ठेवले आणि ओले बोट हळदीत, मग कुंकवात बुडवले. टिळा लावायचा तो तोंडावर, पाठीवर नव्हे. माझे तोंड म्हणून त्यांना दिसली ती खिडकी. ते बोट खाली येताना मी पाहिले. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. मायेने भरलेले ते बोट माझ्या उघड्या अंगावर टेकले आणि गोल फिरले. वर झेंडूच्या पाकळ्या आणि अक्षता पडल्या. आप्पांनी हात जोडले. पूजा हलवेपर्यंत हत्यार उचलायचे नसते, म्हणून कोणी मला पुसलेही नाही. कुंकू वाळत गेले.

दिवाळीपर्यंतच्या सुटीवर पुन्हा आलेला भिवा दसऱ्याच्या सकाळी लवकर दुकानात आला. मुंबईच्या सिस्टीमची आणखी एक प्रत काढून ठेवावी असे त्याच्या मनात आले. कोरी फ्लॉपी शोधता शोधता त्याचे लक्ष माझ्याकडे गेले. चिठ्ठीवर हळद सांडून अक्षरे झाकली होती. त्याने मला झटकले आणि नव्या मशीनमध्ये सरकवले. टोक खिडकीत टेकले, तबकडी फिरली, आणि वाळलेले कुंकू माझ्या अंगावर घासत गेले. ते दुखणे मी सांगत नाही. पडद्यावर आले, 'वाचता येत नाही.'

"रिकामीच आहे," भिवा स्वतःशी म्हणाला आणि त्याने पुसून नव्याने आखायची आज्ञा दिली. आता एकच कळ दाबायची उरली होती. रुपेरी पट्टी नव्हती. राही नव्हती. माझ्या मनात फक्त हातखंब्याची ती कोरी लेक येत होती.

"भिवा!" दारात सुंदराबाई उभ्या होत्या, हातात नारळ. "पूजा हलवली नाय अजून, आन् तू उचललीस? आप्पांनी नारल फोडल्याबिगर हितली सुई पन हलवायची नाय!"

"मावशी, रिकामी आहे ती. काय नाय तिच्यात."

"असंल नायतर नसंल. पूजेतली हाय. ठेव पयली जागेवर!"

ठेव हा राहीचाच शब्द. भिवा ओशाळला आणि त्याने मला बाहेर काढले. ज्या रीतीने मला घायाळ केले, त्याच रीतीने मला वाचवले. अजून मला कळत नाही, तिला हात जोडावेत की तिच्यापासून लांब पळावे.

दुसऱ्या दिवशी राही आली. मला पाहून ती खुर्चीत बसली, ती बसूनच राहिली.

"माज्या हातानं झालं गो बाय," सुंदराबाई रडू लागल्या.

"मावशी, तुम्ही मान दिलात तिला. आता बघू या काय उरलंय."

तिने गॅरेजमधून बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी आणवले. ब्लेडने माझे पाकीट कापले आणि माझी तबकडी बाहेर काढली. अशी उघडी मी कधीच झाले नव्हते. तिने मला पाण्यात धरले, कुंकू सोडवले, मऊ कापडाने टिपले, आणि आप्पांनी खणातून काढून दिलेल्या हातखंब्याच्या त्या कोऱ्या लेकीचे पाकीट मला घातले. माझ्यासाठी ती संपली. मी आजही तिचेच पाकीट घालून आहे.

राहीने नव्या मशीनवर भिवाची सिस्टीम चालवून मला तपासले. घर शाबूत होते. नवे अर्धे जोतेही होते. जुन्या मशीनचे जोते मात्र पार खरवडून गेले होते. आता जुने मशीन जागे व्हायचे नाही, आणि जुने जागे नाही तर नव्याचे काम पुरे व्हायचे नाही.

"ते जोतं आता एकाच ठिकाणी आहे, आप्पा," राही म्हणाली. तिने फोन आप्पांपुढे सरकवला.

आप्पांनी मंडणगडच्या शाळेला ट्रंककॉल लावला. ते फोनवर ओरडून बोलत आणि पलीकडचा आवाजही खोलीभर येई. सगुणाबाईंनी सगळे ऐकून घेतले.

"आप्पा, तुमचं पत्र मिळालं होतं. तरी मशीन आम्ही रोज चालवतो. पण फ्लॉपी एकच आहे हो, कोरी तुम्ही पाठवलीच नाहीत. ही वाटेत गेली तर आमचं मशीन उठायचं नाही."

"ठाऊक आहे, बाई. नाही म्हणालात तरी मला बोलायला तोंड नाही."

पलीकडे टेबलाचा खण उघडल्याचा आवाज आला.

"देते उद्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे. पण राहीला सांगा, हात पुसून घे म्हणावं."

दुसऱ्या दिवशी आप्पा स्वतः स्टँडवर जाऊन बसले. गाडी उशिरा आली. दोन पुठ्ठ्यांत बांधलेली माझी मंडणगडची लेक त्यांनी छातीशी धरून आणली. तिला आत घातल्यावर जुने मशीन जागे झाले, आणि तिच्यावरचे जोते राहीने परत माझ्यावर उतरवले. पाडव्याच्या सकाळी राहीने नव्या मशीनवर 'दाखव' लिहिले. त्याने दाखवले. शेजारी जुने मशीन होते. त्यानेही दाखवले, अगदी तेच. सुंदराबाईंनी साखर वाटली. भिवाने माझ्या खाचेवर आपल्या हाताने रुपेरी पट्टी लावली.

लेकीला मात्र आप्पांनी कंडक्टरकडे दिले नाही. ते स्वतः मंडणगडच्या गाडीत बसले. मांडीवर तिला धरले होते आणि पिशवीत मुंबईहून मागवलेल्या कोऱ्या फ्लॉप्या होत्या.

आता कडक पाठीच्या छोट्या फ्लॉप्या आल्या आहेत. आणखी एका नव्या जातीचा प्रोसेसर येणार, असेही कानावर आले आहे. राही त्याच्यासाठी जोते घालील. पण सिस्टीममध्ये अक्षर बदलले तरी ती आधी जुन्या मशीनवर चालवून बघते, मगच नव्यावर. खंडेनवमीला सुंदराबाई मला डब्यातून काढत नाहीत, हळदकुंकू झाकणाला लावतात. बोट टेकल्याचा आवाज होतो आणि आत मी खिडकी सांभाळून पडून राहते.

मित्रांनो, भित्रीचे एवढे ऐका. जपून ठेवायचे ते एकाच ठिकाणी ठेवू नका. कपाटातला दिवा रोज बघा. आणि नवे आले म्हणून जुने वापरणाऱ्याला परके करू नका. आमच्या आप्पांच्या टेबलावर काचेखाली एक कागद आहे. त्यावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे, 'पुसण्याआधी मंडणगडला विचारावे.'