तक्रारींचा कप्पा

"अंथरूण पाहून पाय पसरावेत, बाई," मोठे साहेब म्हणाले आणि त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. सात वर्षांपेक्षा जुने सगळे स्कॅन एक तारखेला पुसून टाकावेत, असा हुकूम होता. खाली सही, शिक्का, सगळं.

मी इस्पितळाच्या स्कॅन विभागात फोटो सांभाळते. काढत नाही, सांभाळते. बावीस वर्षांच्या छात्या, कवट्या, मणके, गुडघे माझ्या ताब्यात आहेत. जागा संपली होती हे खरंच. नवं कपाट घ्यायचं तर टायवाल्याने सांगितलेली किंमत ऐकून साहेबांना घाम फुटला होता. टायवाला म्हणजे डिस्कांची कपाटं विकणाऱ्या कंपनीचा माणूस. भर उन्हातही त्याचा टाय सुटत नाही.

"अंथरूण अपुरं पडलं तर जोड देऊन शिवतात, साहेब," मी म्हटलं. "पाय कापत नाहीत."

"मग शिवा! टायवाला मागतो त्याच्या दहाव्या हिश्शात शिवा. एक तारखेच्या आत."

त्यांना वाटलं, बाई आता गप्प बसेल. बावीस वर्षांत ज्यांनी मला ओळखलं नाही, ते आता काय ओळखणार!

घरी येऊन नणंदेला सगळं सांगितलं. वन्संचा पत्र्याचा कारखाना आहे. इमारतींच्या जिन्याखाली लावतात त्या टपालपेट्या त्या बनवतात. पण मी त्यांना आधी सांगितलं ते पत्र्यासाठी नाही. नऊ वर्षांपूर्वी त्या शिडीवरून पडल्या, तेव्हा छातीचा स्कॅन काढला होता. गेल्या वर्षी खोकला हटेना म्हणून पुन्हा काढला, तर फुप्फुसावर डाग. डॉक्टरीणबाई छाती उघडायच्या तयारीत होत्या. मी जुना फोटो शोधून दिला. डाग तेव्हाही होता, तेवढाच. शस्त्रक्रिया टळली. आता दरवर्षी नवा काढायचा आणि त्या जुन्याशी ताडून बघायचा.

"तुमचा तेवढा मी गुपचूप बाजूला काढून ठेवते," मी म्हटलं. "कुणाला कळणारसुद्धा नाही."

वन्सं तडकल्या. "आणि ज्यांची वहिनी तुमच्या इस्पितळात नाही, त्यांनी काय करायचं? काही नको. सगळ्यांचं होईल ते माझं. फोटो ठेवायला पेटी कसली हवी ते सांग, मी करते."

मी सांगितलं. टायवाल्याच्या कपाटात महागड्या, कधी न मरणाऱ्या डिस्का असतात म्हणे. मी साध्या घेणार, कुणाच्याही टेबलावरच्या कॉम्प्युटरात असतात तशा. त्या मरणारच असं धरून चालायचं. प्रत्येक फोटोचे दहा तुकडे करायचे, त्यांच्यावरून हिशेबाने आणखी तीन काढायचे, आणि तेरा तुकडे एका ओळीतल्या तेरा डिस्कांवर ठेवायचे. ओळीतल्या कुठल्याही तीन मेल्या तरी उरलेल्या दहांवरून फोटो जसाच्या तसा उभा राहतो. मेलेली काढायची, नवी लावायची. अशा चार ओळी, बावन्न कप्पे, एक पेटी. एकूण सहा पेट्या.

"म्हणजे टपालपेटीच की गं!" वन्सं म्हणाल्या.

चौथ्या दिवशी पहिली पेटी आली. हिरव्या रंगाची, प्रत्येक कप्प्यावर नंबर. मोजले तर त्रेपन्न. तळाशी एक जास्तीचा कप्पा, त्याला फट आणि कुलूप, वर लिहिलेलं, 'तक्रारी'. इमारतीच्या पेटीला असतो ना, तसा.

"हात सवयीने करून गेला," वन्सं म्हणाल्या. "राहू दे, शोभतोय."

तो शोभला, पण सवयीने आणखी एक घोळ घातला होता. जुन्या चादरी ठेवायच्या खोलीत मी पेटी लावली, वारा द्यायला पुढून पंखे जोडले, सरावाचे फोटो भरले. भरल्यापासून पाचव्या दिवशी दुसऱ्या ओळीतल्या चार डिस्का एकदम मेल्या. तीन गेल्या असत्या तर निभावलं असतं. चार म्हणजे ओळ गेली. हात लावला तर पत्रा चटका देत होता. बघते तर प्रत्येक कप्प्याच्या तोंडावर पत्र्याची छोटी झडप खाली वाकवलेली. वारा आत शिरणार कुठून?

मी फोनवरच ओरडले. "वन्सं, ही झडप कशाला?"

"पत्र भिजू नये म्हणून."

"माझ्या चादरींच्या खोलीत पाऊस पडतो का हो?"

त्या स्वतःवरच अशा उखडल्या की मलाच त्यांना आवरावं लागलं. तासाभरात पक्कड घेऊन हजर झाल्या आणि एकेक झडप वर वाकवायला लागल्या. बावन्न झडपा. वर वळल्यावर पंख्याचा वारा अडायच्या ऐवजी थेट डिस्कांवर यायला लागला. पत्रा गार पडला. बाकीच्या पाच पेट्यांना वन्संनी मुद्दाम तशाच झडपा केल्या. मेलेल्या डिस्का बदलून मी खरे फोटो भरले.

पण चार डिस्का मेल्याची बातमी साहेबांपर्यंत पोचली. पोचवली कुणी ते टायवाल्यालाच विचारा. साहेबांनी निरोप धाडला: सोमवारी दहा वाजता दाखवा, नाहीतर तिथल्या तिथे पुसायला लागा.

सोमवारी चादरींच्या खोलीत आम्ही पाच जण. साहेब, टायवाला, डॉक्टरीणबाई, मी आणि वन्सं. वन्संचा या वर्षीचा स्कॅन सकाळीच काढला होता, आणि ताडायचा जुना आता या हिरव्या पेट्यांतून यायचा होता.

"आमच्या कपाटातली डिस्क मरतच नाही," टायवाला म्हणाला.

"मग हमीचा कागद कशाला देता?" मी विचारलं. "आणि कपाट उघडून पाहिलं की ती हमी रद्द! झाकली मूठ सव्वा लाखाची. आमचं उघडायलाच केलंय. काढा, साहेब, एका ओळीतल्या कुठल्याही तीन. चालू असताना."

साहेबांचा हात पुढे झाला आणि थबकला. उगीच आपल्या माथी नको, असा त्यांचा चेहरा.

"माझा फोटो कुठल्या ओळीत आहे गं?" वन्संनी विचारलं.

"पहिल्या पेटीच्या दुसऱ्या." जी गेली होती तीच ओळ.

वन्सं उठल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी खट, खट, खट अशा तीन डिस्का उपसल्या आणि मांडीवर घेऊन स्टुलावर बसल्या. दुसऱ्या ओळीत तीन लाल दिवे लागले.

"चौथी काढली तर?" टायवाला म्हणाला.

"तर जाईल. म्हणून तिसरी मरायच्या आधी पहिली बदलायची असते. त्याचाच मी पगार घेते."

डॉक्टरीणबाईंनी वन्संचं नाव दाबलं. पडदा काळा. एक, दोन, तीन, चार... मग नऊ वर्षांपूर्वीची छाती पडद्यावर आली, मोडलेल्या बरगडीसकट. त्यांनी शेजारी आजची लावली. दोन्हींवर मोजपट्टी फिरवली. पुन्हा फिरवली.

"तेवढाच आहे," त्या म्हणाल्या. "तसूभर फरक नाही."

मला रडू फुटलं. लाज कसली त्यात? वन्सं मात्र तीन डिस्का मांडीवर घेऊन साहेबांकडे रोखून बघत होत्या.

साहेब खाकरले. "ठीक आहे. तूर्तास पुसू नका." मग सहज बोलल्यासारखं करून पेटीच्या तळाकडे बोट दाखवलं. "हा त्रेपन्नावा कप्पा कसला? रिकामाच दिसतोय."

मी पर्समधून त्यांचा हुकूम काढला, सही आणि शिक्क्यासकट. चार घड्या घातल्या आणि फटीतून आत सोडला.

"आता नाही," मी म्हटलं.

वन्संनी कमरेचा जुडगा वाजवला. "आणि किल्ली माझ्याकडे आहे, साहेब."