टॉडलर, टीनएजर, एंगेज्ड

जयेश, ऐक. फक्त ऐक. मध्ये बोलायचं नाही, हसायचं नाही, आणि शिव्या द्यायच्या असतील तर सगळं संपल्यावर दे, कारण यात तुझं नाव आलंय. कसं आलं ते सांगते ना, थांब तर!

तुला माहितीय ना मी आमच्या मोहनेच्या बुद्धविहारात रविवारी बायकांना इंग्लिश शिकवते? वंदना झाली की त्याच हॉलमध्ये, त्याच सतरंजीवर क्लास. सात बायका. त्यात आमच्या चाळीतली मंजुळा मावशी. एकोणपन्नास वर्षांची आहे, कल्याणला एका प्लेस्कूलमध्ये कामाला. अकरा वर्षं पोरांची नाकं पुसते, डबे भरवते, चड्ड्या बदलते. शाळेत सगळे तिला मावशीच म्हणतात. आता त्या शाळेची टिटवाळ्याला नवीन ब्रांच निघतेय, तिकडे त्या नवीन बिल्डिंगा झाल्यात ना, तिथे. आणि तिथे असिस्टंट टीचरची एक जागा आहे. एकच. दहावी पास चालेल, पण इंटरव्ह्यूमध्ये स्वतःबद्दल पाच मिनिटं इंग्लिश बोलायचं. मावशी माझ्याकडे आली आणि बोलली, "अमृता, मला काय मोठं ऑफिसर व्हायचं नाय गं. पोरांनी एकदा मला टीचर म्हणावं, बस."

आता हे ऐकल्यावर कोण नाही म्हणेल?

मग मी तो धडा काढला, स्टेजेस ऑफ लाइफ. जन्मापासून म्हातारपणापर्यंत. कार्डशीटवर चित्रं काढली, बाण काढले, एक नंबर. पण झालं काय, या बायकांना एकेकटीला उभं केलं की तोंडातून शब्द फुटत नाही. पदर तोंडात. आणि वंदना कशी म्हणतात, माहितीय ना? एक जण पुढे म्हणतं, बाकीच्या सगळ्या मागून, एका सुरात, काय खणखणीत! मला वाटलं, अरे हेच वापरू की. मी पुढे म्हणणार, त्या मागून. म्हणून मी एक नमुना आयुष्य बनवलं. कोणाचंच नाही, असंच. आय वॉज बॉर्न इन मोहने. आय वॉज अ नॉटी टॉडलर. आय वॉज अ शाय टीनएजर. आय ग्रॅज्युएटेड. आय गॉट अ जॉब. आय गॉट एंगेज्ड. आय गॉट मॅरीड. आय बिकेम अ मदर.

अरे, दुसऱ्या रविवारी पाठ! हॉलचे पंखे हलत होते आवाजाने. चंद्रभागा आजी आहे ना, अडुसष्ट वर्षांची, ती सगळ्यात मोठ्याने, "आय वॉज अ नॉटी टॉडलर!" मी विचारलं, टॉडलर म्हणजे कोण? कोणालाच आठवेना. मी बोलले, रांगून झालं, आता धडपडत चालतं, हाताला लागेल ते पाडतं, आणि आवरायला गेलं की रडतं, ते. तर योगिनीताई बोलली, "म्हणजे आमचे हे." पाच मिनिटं क्लास बंद. कोणी ऐकेचना.

आणि मी येडी, चार्टच्या शेवटी पास्ड अवे पण लिहिलेलं. पुस्तकात होतं म्हणून लिहिलं रे! आणि फ्लोमध्ये मी म्हटलं, आणि सातही जणी हात जोडून एका सुरात, "आय पास्ड अवे." चंद्रभागा आजीने अर्थ विचारला. सांगितला. ती बोलली, "मग हे सांगायला आली कोण? भूत?" ते वाक्य त्याच दिवशी काढून टाकलं. आणि रिटायर्ड तिने मला शिकवूच दिलं नाही. बोलली, मी अजून दिवसाला दोनशे पापड लाटते, मला नको तो शब्द.

तर गेल्या शनिवारी इंटरव्ह्यू. मावशी बोलली, तू चल, तू समोर असलीस की तोंड उघडतं. बाबूराव काका, म्हणजे तिचा नवरा, आंबिवली स्टेशनला रिक्षा चालवतात, तेच घेऊन गेले आम्हाला. मावशीने निळी साडी, केसांना क्लिप, आणि पूर्ण रस्ताभर पुटपुटतेय, आय वॉज बॉर्न, आय वॉज बॉर्न. काका आरशात बघून बोलले, "अगं एकदाच जन्म घे ना, किती वेळा घेशील?" तिने मागून अशी हाणली ना त्यांना पर्सने!

शाळेत सुमेधा मॅडम. तिथल्या प्रिन्सिपल. चांगल्या आहेत, कडक आहेत पण चांगल्या. आम्हाला त्या पोरांच्या लाल खुर्च्यांवर बसवलं, माझे गुडघे हनुवटीला. मावशीने ओळख करून दिली, ही माझी टीचर, अमृता, बी.ए. इंग्लिश. मॅडम बोलल्या, "येस मंजुळा, टेल मी अबाउट युअरसेल्फ."

मावशी उभी राहिली. हात जोडले. आणि चालू. त्याच सुरात रे! तोच चढ, तोच उतार. आय वॉज बॉर्न इन मोहने. मी मनात म्हणतेय, सूर सोड, मावशी, सूर सोड. टॉडलर झालं, टीनएजर झालं, मॅडमनी मध्येच विचारलं, "हाऊ मेनी चिल्ड्रन?" मावशी थांबली. आणि परत पहिल्यापासून, आय वॉज बॉर्न इन मोहने. कारण मधून सुरू करता येतच नाही ना तिला! आणि मग आलं ते. "आय ग्रॅज्युएटेड."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे, हे तिचं आयुष्यच नाहीये. मी बनवलेलं ते आयुष्य सातही जणींनी आपलं म्हणून पाठ केलंय, आणि मी एकदाही कोणाला विचारलं नाही की बाई, तुझं काय झालं ते सांग.

मॅडमनी फॉर्म बघितला. "ग्रॅज्युएट? इथे तर दहावी लिहिलंय. सर्टिफिकेट कुठेय?"

मावशीचा चेहरा जयेश, असा पांढरा. तिला वाटलं आपण खोटं बोलताना पकडलो गेलो. मी खुर्चीतून उठायला गेले तर खुर्ची माझ्याबरोबर उठली, अडकलेली, हसू नको, आणि मी तशीच बोलले, "मॅडम, ते वाक्य माझं आहे. तिचं नाही. मीच सगळ्यांना एकच शिकवलंय. चूक माझी."

तर मावशीने माझा हात धरून मला खाली बसवलं. "थांब गं जरा." आणि मॅडमकडे वळून, सूर नाही, काही नाही, एकेक शब्द शोधून शोधून, "मॅडम. माय लाइफ, ऑर्डर डिफरंट. फर्स्ट, मॅरीड. सेव्हनटीन. देन मदर. राकेश. देन मदर अगेन. संचिता. देन जॉब, हियर, युअर स्कूल. देन संचिता ट्वेल्थ, आय टेन्थ. सेम इयर. सेम टेबल, स्टडी. शी से, आई, लाइट ऑफ. आय से, नो, माय मॅथ्स पेपर टुमॉरो." मॅडम हसायला लागल्या. मावशी पण हसली. "देन ग्रँडमदर. संचिता, बेबी गर्ल."

मॅडमनी विचारलं, "अँड देन?"

मावशी बोलली, "देन टीचर."

बस. माझ्या अंगावर काटा आला रे, आताही येतोय, हा बघ. मला वाटलं झालं काम. मॅडम पण डोळे टिपत होत्या. मग त्या बोलल्या, "मंजुळा, दोन मिनिटं बाहेर बस."

आणि दार लागल्यावर माझ्याकडे वळून, "अमृता, बी.ए. इंग्लिश ना? तूच का येत नाहीस टिटवाळ्याला? ती गोड आहे, पोरं जीव टाकतात तिच्यावर, पण तिकडचे पेरेंट्स फाडफाड इंग्लिश मागतात. जागा एकच आहे. ती मावशी म्हणून राहीलच."

आता खरं सांगते, तुझ्याशी खोटं नाही बोलणार. मला हवी होती ती नोकरी. रिझल्ट लागून किती दिवस घरी बसलेय, तू बघतोयस. आई रोज पेपरातल्या जाहिराती कापून माझ्या ताटाशेजारी ठेवते. एक क्षण, फक्त एक, मी मनात टिटवाळ्याला पोचलेले पण. आणि दाराच्या काचेतून मावशी दिसत होती. बाकावर ताठ बसलेली, हातात पर्स घट्ट, आणि ओठ हलतायत. प्रॅक्टिस करत होती.

मी बोलले, "नाही मॅडम. तिलाच द्या. पेरेंट्सशी कसं बोलायचं ते मी शिकवेन तिला, दर रविवारी."

"ते ठीक. पण तुला काय प्रॉब्लेम आहे? एवढी चांगली संधी."

आणि मी तोंड उघडलं. काहीतरी सांगायचं होतं ना, असं काहीतरी की त्यांनी परत विचारूच नये. आणि आपोआप, दोन महिने दर रविवारी तेच म्हणून म्हणून, त्याच सुरात, शपथ, तोंडातून निघालं, "आय गॉट एंगेज्ड."

हो! मीच!

मॅडम एकदम खूश. "अरे वा! मुलगा कुठला?" आता आदल्या दिवशी कोलशेतला तुझ्या घरी आलेले ना, तुझ्या आईने जवळा खायला घातलेला, तोच डोक्यात. मी बोलले, कोलशेत. "मग लग्नानंतर टिटवाळा लांबच पडेल गं," मॅडम स्वतःच बोलल्या, आणि विषय संपला! मावशीला आत बोलावलं, सांगितलं, एक तारखेपासून टिटवाळा, त्याच दिवशी लेटर हातात मिळेल, असिस्टंट टीचर. आणि वर बोलल्या, "तुझ्या या टीचरचं अभिनंदन कर, तिचा साखरपुडा झालाय."

मावशीला कशावर आधी रडावं कळेना. बाहेर आल्यावर मला असा चिमटा काढला, हे बघ, अजून निळं आहे. "अकरा घरं सोडून राहते मी, आणि मला नाय सांगितलंस?" रिक्षात बसतो न बसतो तोच काकांनी विचारलं, "नाव काय पोराचं?" काका आरशात बघतायत. मावशी तोंडाकडे बघतेय. मी काय, आर्यन, प्रेम, असं काहीही सांगू शकले असते ना? तुझाच मेसेज आलेला तेव्हा फोनवर. जयेश.

"आगरी का कोळी?"

"कोळी."

"मग मासळीची चिंता मिटली," काका बोलले, आणि हॉर्न वाजवला. उगाच. रस्ता मोकळा होता.

मोहने येईपर्यंत मावशीने चार फोन केले. प्रत्येक फोनवर आधी, "मॅडमनी मलाच निवडलं, एवढ्यांतून मलाच," आणि मग, "आणि आपल्या अमृताचं जमलं, कोलशेतला." मी घरी पोचायच्या आधी बातमी आईकडे. आई दारात, हातात लाटणं, आणि फक्त एकच, "जयेश कोण?" मी सगळं खरं सांगितलं आईला. ती ऐकून घेऊन बोलली, "ते नोकरीचं ठीक केलंस. पण त्याला घेऊन ये, मला बघायचाय." मी बोलले, आई, खोटं आहे ते! बोलली, "असू दे. बघायला काय जातंय?"

आणि रविवारी क्लासला गेले तर बोर्डवर मोठ्या अक्षरात काँग्रॅच्युलेशन्स. चंद्रभागा आजीने पुढच्या रविवारचा हॉल सांगून ठेवलाय. साखरपुडा झाला म्हणजे काय, आम्ही नव्हतो तर तो झालाच नाही, आमच्यासमोर परत करा, असं तिचं म्हणणं. पापड तिच्याकडून.

आता मी सांगू शकते ना सगळ्यांना, की खोटं होतं? पण मग मावशी पहिला प्रश्न काय विचारेल? का बोललीस? आणि मी काय सांगू, की तुझी जागा आधी मला देत होते म्हणून? ती रोज संध्याकाळी चाळीतली चिल्लीपिल्ली गोळा करते, ओट्यावर बसवते, आणि त्यांच्याकडून म्हणून घेते, गुड मॉर्निंग मंजुळा टीचर. सगळ्यांना सांगत सुटलीय, एवढ्यांतून मला निवडलं. ते मी तिच्याकडून काढून घेऊ? लेटर अजून हातात नाहीये. मॅडमना कळलं तर परत मलाच फोन.

हसतोयस! जयेश, हसतोयस तू! मी इथे मरतेय आणि तू... बरं, हस. पण उत्तर दे. रविवार पाच दिवसांवर आहे, आई वाट बघतेय, आजी पापड लाटतेय. तू सांग, त्या एवढ्याशा लाल खुर्चीवर माझ्या जागी तू असतास, काचेपलीकडे मावशी ओठ हलवत बसलेली असती, तर तू काय केलं असतंस?