बंद घरांची यादी

मी एक जुना लिहिण्याचा पॅड आहे. माझ्या चिमट्यात अकरा वर्षं एक पत्र अडकून होतं. त्याला उत्तर गेलंच नाही. त्यात थोडा दोष माझाही असावा, असं मला वाटत राहतं.

मित्रांनो, लाकडाचा भुसा दाबून माझी पाठ केली आणि वर पोलादी चिमटा ठोकला. देखणा मी कधीच नव्हतो. एका सरकारी कचेरीने आम्हाला डझनाने घेतलं आणि मी गुरुजींच्या वाट्याला आलो. ते शिक्षक नव्हते. खिशात सतत पुस्तक असायचं म्हणून सगळे त्यांना तसं म्हणत. गरिबांसाठीच्या योजना खरोखर गरिबांपर्यंत पोचतात का, हे घरोघर जाऊन पाहणं त्यांचं काम होतं.

त्या वर्षी पाळणाघरांची पाहणी होती. कुठल्या गल्लीला पाळणाघर हवं, ते ठरायचं होतं. गुरुजी फार भिडस्त. दार एकदाच वाजवायचे, तेही बोटाच्या टोकाने. कुलूप दिसलं की त्यांना हायसं वाटायचं. मी छातीशी असायचो, म्हणून मला कळायचं. नियम असा होता की तीनदा जायचं आणि तिसऱ्यांदाही कुलूप असलं तर दारावर खडूने 'बंद' लिहायचं. आम्ही तीनदा गेलो, पण तिन्ही वेळा कचेरीच्या वेळेत. नाल्यामागच्या गल्लीत तेवीस दारांपैकी एकोणीस बंद निघाली. अहवालात ओळ पडली, 'या गल्लीत गरज आढळली नाही.'

"काय स्वच्छ तक्ते आहेत!" मोठे साहेब म्हणाले आणि त्यांनी माझ्यावर थाप मारली. मी फुगलो, खोटं कशाला सांगू?

पाळणाघर दुसऱ्या गल्लीला गेलं. महिन्याभरात पत्र आलं. त्या गल्लीत राहणाऱ्या, घरोघरच्या कपड्यांना इस्त्री करणाऱ्या एका बाईंचं होतं.

'साहेब, दारावर बंद लिहून गेलात. मी कामावर होते, पण कुलपाच्या आत पोर होती. कुणीही आलं तरी गप्प बसायचं, असं मीच तिला सांगून ठेवलंय. तुम्ही दार वाजवलंत ते तिने ऐकलं. एकदा आम्ही घरी असताना या.'

गुरुजींनी सात कागदांवर 'माननीय बाई' लिहिलं आणि सातही फाडले. पुढे ते निवृत्त झाले. पत्रासकट मी त्यांच्या घरी आलो आणि फळीवर पडून राहिलो. त्यांच्या पत्नीने, काकूंनी, माझ्यावर गरम पातेलं ठेवलं, त्याचा गोल डाग अजून आहे.

"टाकू का हा?" त्या विचारायच्या.

"असू दे गं."

"एवढी पुस्तकं वाचलीत, एक पत्र काही लिहून होईना!"

परवा कचेरीतल्या नव्या पाहणीबाई घरी आल्या. पाळणाघरांची पाहणी पुन्हा निघाली होती.

"काका, जुन्या याद्या आहेत का? नाल्यामागच्या गल्लीत तीनदा जाऊन आले. सगळी बंद. उद्या तसं लिहून देते."

गुरुजींनी मला खाली काढलं, धूळ पुसली आणि पत्र बाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"काका, मी पण सकाळी अकरालाच गेले होते हो!"

"मीही. आणि कुलूप दिसलं की मला बरं वाटायचं."

"त्यांची पोर तर आता मोठी झाली असेल."

"गल्लीत दुसरी असतील की." गुरुजींनी चष्मा पुसला. "उद्याचं लिहिणं थांबवा. आधी मला उत्तर देऊ दे."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्ही जपल्यात तर आनंदच आहे. पण एक मागणं आहे. बंद दार दिसलं तर दुसऱ्यांदा वाजवा, आणि वेळ बदलून जा. मी हे फार उशिरा शिकलो.

आठव्या कागदावर 'माननीय बाई'च्या पुढे शब्द आले. 'त्या दिवशी दारात मीच होतो. चूक माझी. गुरुवारी सकाळी सहाला आम्ही दोघं येतो. कामावर निघायच्या आधी भेटाल का?'

गुरुजी मला काखेत धरून चौकातल्या टपालपेटीपर्यंत चालत गेले. पाकीट फटीत अर्धं घातलं आणि हात तिथेच थांबला. मग त्यांनी पेटीवर बोटाने टकटक केली, एकदा, दोनदा, आणि पाकीट सोडून दिलं.