दादाची यादी आणि माझी आवराआवर

दादाने सत्तावीस वर्षं शाळेत संगणक शिकवला आणि निवृत्त झाल्यावर इंटरनेटवर स्वतःचं एक पान काढलं, ‘पाहण्याजोग्या साइट्स’. त्यात चार रकाने होते: छंद, शिक्षण, खरेदी, संगणक. दर रविवारी चहा झाला की तो एकेक लिंक स्वतः उघडून बघायचा, बंद पडलेली काढायचा आणि चालू असेल तिच्यापुढे एक ओळ लिहायचा. ‘बूट बरे मिळतात, पण एक नंबर मोठा मागवा.’ ‘गणित छान शिकवतात, गुरुजी फार बोलतात.’

मी त्याची टर उडवायचे. “दादा, हल्ली लोक फोनला विचारून मोकळे होतात. तुझी यादी वाचतं कोण?”

“तू वाचतेस की.”

वाचत होतेच. शुद्धलेखन सुधारायला म्हणून त्याने पासवर्डही मला देऊन ठेवला होता.

मागच्या वर्षी ‘छंद’मध्ये एक भरतकामाची साइट आली. ‘आजच सापडली. टाके सावकाश दाखवतात. धाकट्या बहिणीला आवडेल.’ मी सुखावले. पुढच्या रविवारी खाली पुन्हा तीच साइट, तीच ओळ. त्याच्या पुढच्या रविवारीही. मी फोन केला. “अरे, किती वेळा तेच ते?” तो हसला. “बघत होतो, तुझं लक्ष आहे का.”

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मी ते पटवून घेतलं. लोक हसायला नकोत म्हणून जादाची नोंद मी दर सोमवारी गुपचूप पुसू लागले. अकरा महिने पुसत होते. पान कसं लख्ख दिसायचं! वहिनी येईल त्याला सांगायची, “यांचं डोकं अजून तल्लख आहे हो, पान बघा ना.”

मग एक दिवस दादा कोपऱ्यावरच्या दुकानातून घरी येताना रस्ता चुकला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “विसरायला कधीपासून लागले?”

“महिना-दीड महिना झाला असेल,” वहिनी म्हणाली.

“आधी आणलं असतंत तर...” बाई म्हणाल्या.

सख्ख्या भावाच्या आजारावर मी पांघरूण घातलं होतं, तेही शुद्धलेखनाच्या नावाखाली. घरी आल्यावर वहिनीला सगळं सांगून टाकलं. ती भडकली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, “मला त्यांचा चष्मा फ्रीजमध्ये सापडायचा. मीही उचलून जागेवर ठेवायचे.” मग आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडलो.

आता रविवारी मी त्याच्या शेजारी बसते. या रविवारी शोधता शोधता त्याचा चेहरा एकदम उजळला.

“बाई, हे बघा! काय छान साइट सापडलीय. मला एक धाकटी बहीण आहे. भरतकाम करते.”

मी म्हटलं, “मग पाठवा ना तिला.”

“पाठवतो. पण ती सदा कामात. उघडून बघेल का हो?”

अकरा महिन्यांत ती नोंद मी चाळीसेक वेळा पुसली होती. साइट एकदाही उघडली नव्हती.

त्याने लिंक पाठवली आणि माझ्या पर्समध्ये फोन वाजला. मी तो बाहेर काढला आणि त्याच्यासमोर ती साइट उघडली.